विश्लेषण : ‘पीएसए’ चारच्या वर आला म्हणजे कर्करोगच का?

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांसाठी लॅबवाले जी ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजे विकतात, त्यांत साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइडच्या जोडीला हल्ली ‘पीएसए’ ही एक ओळ हमखास असते. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन येतो, डॉक्टरांच्या आधी घरचे तो उघडतात आणि चारच्या पुढचा आकडा ठळक अक्षरांत दिसला की मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. त्या शोधात सगळ्यात वर येणारा शब्द म्हणजे कर्करोग. दुसरीकडे रात्रीतून चार वेळा उठावे लागणारे, पण ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून कोणाला काही न सांगणारे असंख्य पुरुष आहेत. ते प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी कमी करतात, एसटीऐवजी रेल्वे निवडतात कारण डब्यात शौचालय असते. मुतखड्याबद्दल चारचौघांत बोलणारा माणूस प्रोस्टेटबद्दल मात्र बोलत नाही. पहिल्यांची भीती बहुतेक वेळा अनाठायी ठरते, दुसऱ्यांची टाळाटाळ कधी कधी मूत्रपिंडावर बेतते.

प्रोस्टेट ग्रंथी असते कुठे, करते काय?

मराठी पुस्तकांत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. दवाखान्यात मात्र डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे ‘प्रोस्टेट’च म्हणतात. ही ग्रंथी फक्त पुरुषांत असते. तरुणपणी तिचा आकार अक्रोडाएवढा आणि वजन साधारण २० ग्रॅम असते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. सगळी अडचण तिच्या जागेमुळे होते. ती मूत्राशयाच्या अगदी खाली बसलेली असते आणि लघवीचा मार्ग तिच्या मधोमध जातो. त्यामुळे ती वाढली की आतून जाणारी नळी दाबली जाते.

ही वाढ वयाबरोबर होतेच. पन्नाशीतल्या साधारण निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे ८० ते ९० टक्के पुरुषांत सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. तिला सौम्य वाढ म्हणतात. ती कर्करोग नसते आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. दोन्ही आजार एकाच ग्रंथीत, एकाच वयात होतात, एवढाच त्यांचा संबंध.

रात्री दोन-तीनदा उठावे लागते, म्हणजे प्रोस्टेटच का?

दर वेळी नाही. मधुमेह नियंत्रणात नसेल तर लघवी जास्त होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्री उठावे लागणारच. दिवसभर पाय सुजणाऱ्या व्यक्तीच्या पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि मूत्रपिंडे रात्री कामाला लागतात. घोरताना श्वास अडकत असेल तरीही असे होते. यातल्या कुठल्याही कारणावर प्रोस्टेटच्या गोळीने फरक पडणार नाही.

म्हणून मूत्ररोगतज्ज्ञ आधी एक साधी वही ठेवायला सांगतात. तीन दिवस, प्रत्येक वेळी मापाच्या मगमध्ये लघवी मोजायची आणि वेळेसह लिहायची. पाणी-चहा किती घेतला तेही लिहायचे. कंटाळवाणे काम आहे, पण त्यातून जे कळते ते पुष्कळदा महागड्या तपासणीतूनही कळत नाही. रात्रीची लघवी मगभर होत असेल तर शरीर पाणीच जास्त बाहेर टाकत आहे. थोडी थोडी आणि सारखी होत असेल तर मूत्राशय किंवा प्रोस्टेटकडे बघायला हवे.

दुसरे साधन म्हणजे सात प्रश्नांची जगभर वापरली जाणारी प्रश्नावली. लघवी पूर्ण झाली नाही असे वाटते का, दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागते का, धार मध्येच थांबते का, घाई आवरत नाही का, धार बारीक झाली आहे का, जोर लावावा लागतो का आणि रात्री किती वेळा उठता. मागच्या महिनाभराचा विचार करून प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण द्यायचे. बेरीज सातपर्यंत असेल तर त्रास सौम्य, आठ ते १९ मध्यम आणि २० ते ३५ तीव्र मानला जातो. शेवटी आठवा, वेगळा प्रश्न असतो : उरलेले आयुष्य याच अवस्थेत काढावे लागले तर कसे वाटेल? उपचार घ्यायचा की नाही हे बऱ्याचदा याच उत्तरावर ठरते, आणि ते उत्तर रुग्णाशिवाय दुसरे कोणी देऊ शकत नाही.

सौम्य वाढीवर औषधे आहेत का?

आहेत, आणि चांगली आहेत. टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या ग्रंथीचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. काही दिवसांतच धार सुधारते. चक्कर येऊ शकते म्हणून सुरुवातीला अंथरुणातून सावकाश उठावे. वीर्य कमी येते किंवा उलटे मूत्राशयात जाते. ते घातक नाही, पण आधी सांगितले नसेल तर माणूस घाबरतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर ही गोळी सुरू असल्याचे किंवा पूर्वी घेतल्याचे नेत्रतज्ज्ञांना सांगायलाच हवे, कारण तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळाचा पडदा ढिला पडतो. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या म्हणजे फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड. या ग्रंथीच लहान करतात, पण त्यासाठी सहा महिने तरी द्यावे लागतात. औषधांनी भागले नाही तर दुर्बिणीतून किंवा लेझरने अडथळा काढतात. पोटावर चिरा सहसा लागत नाही.

ऑनलाइन दुकानांत ‘प्रोस्टेट सपोर्ट’ नावाने जे डबे मिळतात, त्यांतल्या अनेकांत सॉ पाल्मेटो या वनस्पतीचा अर्क असतो. अमेरिकेत त्याची औषधाचा अंश नसलेल्या गोळीशी तुलना करणारी मोठी चाचणी झाली. नेहमीच्या तिप्पट मात्रा देऊनही फरक पडला नाही, हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. डबे अजून विकले जात आहेतच.

धोक्याची खूण म्हणजे लघवी अचानक पूर्ण बंद होणे, आपल्याकडच्या शब्दांत ‘लघवी तुंबणे’. ओटीपोटात असह्य वेदना होतात आणि रुग्णालयात नळी घालून मूत्राशय मोकळे करावे लागते. ग्रंथी आधीच वाढलेली असेल तर सर्दीची साधी गोळीही याला निमित्त होऊ शकते. चोंदलेले नाक मोकळे करणारे घटक मूत्राशयाचे तोंडही आवळतात. केमिस्टकडून अशी गोळी परस्पर घेऊ नये, ती याचसाठी. त्याहून फसवा प्रकार म्हणजे हळूहळू, न दुखता तुंबणे. मूत्राशय पूर्ण रिकामे होतच नाही आणि मूत्रपिंडांवर मागून दाब येत राहतो. वयस्कर पुरुषाचे अंथरूण रात्री ओले होऊ लागले तर घरात ते लपवले जाते. ते या तुंबण्याचे लक्षण असू शकते. लघवीनंतर मूत्राशयात किती उरते, हे पाच मिनिटांच्या सोनोग्राफीत कळते.

पीएसए नेमके काय मोजते?

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेले प्रथिन आहे. वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे काम. त्यातले थोडे रक्तात झिरपते. कर्करोगात ते जास्त झिरपते, पण सौम्य वाढ, जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी यांतही वाढते. म्हणजे ही खूण प्रोस्टेटची आहे, कर्करोगाची नाही. फोडणीचा धूर झाला तरी वाजणारा आगीचा अलार्म असतो, तसेच हे. अलार्म वाजला तर बघायला जायचे. लगेच अग्निशमन दलाला बोलवायचे नाही.

अमेरिकेच्या औषध नियामकाने १९८६ मध्ये या चाचणीला मान्यता दिली ती कर्करोगाच्या रुग्णांवर नजर ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून मान्यता मिळाली १९९४ मध्ये. चार नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही रेषा तेव्हापासून रूढ आहे. पण ती काही निसर्गाने आखलेली नाही. साठीतल्या पुरुषात साडेचार आणि सत्तरीत साडेसहापर्यंतचा आकडाही वयानुसार चालण्यासारखा मानणारी कोष्टके आहेत. चार ते दहाच्या दरम्यान आकडा असलेल्या साधारण चारपैकी एकाच पुरुषात बायोप्सीत कर्करोग सापडतो, असा पाश्चात्त्य देशांतील अनुभव आहे. उलट बाजूही लक्षात घ्यावी लागते. चार किंवा त्याहून कमी पीएसए असलेल्यांची बायोप्सी एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात केली गेली, तेव्हा त्यांतल्या सुमारे १५ टक्क्यांत कर्करोग आढळला.

चाचणीची तयारी मात्र आपल्याकडे कोणी सांगत नाही. उपाशीपोटी यायचे एवढेच सांगतात, जे पीएसएसाठी गरजेचेही नाही. खरे तर रक्त देण्याआधी ४८ तास वीर्यस्खलन टाळावे, लांब पल्ल्याचे सायकलिंग टाळावे. लघवीचा संसर्ग झाला असेल तर सहा आठवडे थांबावे.

आकडा फसवा कमी येण्याचेही एक कारण आहे, ते अधिक गंभीर. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिन्यांहून जास्त घेतले तर पीएसए जवळपास निम्मा होतो. म्हणजे रिपोर्टवरचा तीन प्रत्यक्षात सहाच्या घरातला असू शकतो. हेच फिनास्टेराइड कमी मात्रेत टक्कल पडू नये म्हणून घेतले जाते आणि त्यानेही आकडा घसरतो. केसांची गोळी ‘औषध’ या रकान्यात लिहायची असते, हे अनेकांच्या डोक्यातच येत नाही.

मग सगळ्यांनीच दरवर्षी चाचणी का करू नये?

कारण या ग्रंथीतले सगळे कर्करोग सारखे नसतात. सत्तरी-ऐंशीत दुसऱ्याच कारणाने मृत्यू पावलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनात प्रोस्टेटचा लहानसा कर्करोग पुष्कळदा सापडतो. त्यांना तो आयुष्यभर कळलेला नसतो आणि त्याने त्रासही दिलेला नसतो. चाचणी केली असती तर हेच पुरुष कर्करोगाचे रुग्ण ठरले असते, शस्त्रक्रिया झाली असती आणि कदाचित लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता गेली असती.

याचा हिशेब युरोपातील आठ देशांत झालेल्या मोठ्या चाचणीने मांडला. तिचे २३ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये आले. चाचणीसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. दुसऱ्या भाषेत, ४५६ पुरुषांना बोलावले आणि १२ जणांत कर्करोगाचे जास्तीचे निदान झाले, तेव्हा एक मृत्यू टळला. ज्याचा टळला त्याच्यासाठी हे सर्वस्व आहे. बाकीच्या ११ जणांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

म्हणूनच तज्ज्ञांच्या शिफारशी झोके खाताना दिसतात. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यगटाने २०१२ मध्ये ही चाचणी सरसकट करू नका असे सांगितले. २०१८ मध्ये भूमिका बदलून ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून प्रत्येकाने स्वतः ठरवावे, सत्तरीनंतर नको, असे म्हटले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना मे २०२५ मध्ये हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा त्यांची शेवटची ज्ञात पीएसए चाचणी २०१४ मधली असल्याचे त्यांच्या कार्यालयाने सांगितले. या शिफारशी पाहता त्यात नियमबाह्य काही नव्हते. ब्रिटनचा ऑलिंपिक विजेता सायकलपटू ख्रिस हॉय याला मात्र पन्नाशीच्या आतच, आजार हाडांत पसरल्यावर, निदान झाले. त्याच्या वडिलांना आणि आजोबांनाही हा आजार झाला होता.

कौटुंबिक इतिहास हाच इथे कळीचा मुद्दा आहे. वडील किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल तर धोका दुपटीहून अधिक वाढतो. घरातल्या स्त्रियांना स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल तरी विचारणा करावी, कारण बीआरसीए-२ या जनुकातील दोष दोन्हीकडे धोका वाढवतो आणि तो आईकडूनही मुलाकडे येतो. सर्वसाधारण पुरुषाने पन्नाशीत, असा इतिहास असलेल्याने ४५च्या सुमारास डॉक्टरांशी हा विषय काढावा, असे बहुतेक मार्गदर्शिकांचे म्हणणे आहे. साठीत पीएसए एकपेक्षा कमी असेल तर पुढे या आजाराने दगावण्याची शक्यता फारच कमी असते. त्याने दरवर्षी पॅकेज घेण्यात फक्त लॅबचा फायदा आहे.

आकडा जास्त आला. पुढे काय?

आधी काही आठवड्यांनी तीच चाचणी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा. दरम्यान लघवीची तपासणी करून संसर्ग नाही ना ते बघतात. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. ही तपासणी काही सेकंदांची असते, पण अनेक पुरुष केवळ तिच्या धास्तीने दवाखाना टाळतात. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार कळला की आकड्याचा अर्थ बदलतो. ८० ग्रॅमच्या ग्रंथीसाठी सहा हा पीएसए फारसा चिंतेचा नसतो, २५ ग्रॅमच्या ग्रंथीसाठी असतो.

शंका उरली तर एमआरआय. गेल्या दशकात सगळ्यात मोठा बदल झाला तो इथे. पूर्वी पीएसए वाढला की थेट बायोप्सी व्हायची, तीही अंदाजाने ठिकठिकाणी सुई घालून. आता आधी एमआरआय काढून संशयास्पद जागेला एक ते पाच असा दर्जा देतात. एक-दोन असेल तर बायोप्सी बहुतेकांची टळते, चार-पाच असेल तर सुई नेमकी तिथेच घालता येते. खर्च काही हजारांत जातो आणि तो सगळ्यांना झेपत नाही, हे खरे. पण थेट बायोप्सी सुचवली गेली तर ‘आधी एमआरआय करता येईल का’ हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

बायोप्सीत कर्करोग निघाला तर त्याच्या पेशी किती आक्रमक दिसतात यावर ग्लीसन गुण मिळतात. सहा म्हणजे मंद, नऊ-दहा म्हणजे अतिशय आक्रमक. ‘दहापैकी सहा’ ऐकून निम्मे शरीर व्यापले असा समज होतो. तसे नाही, सहा ही व्यवहारात सगळ्यात खालची पायरी आहे.

कर्करोग आहे आणि डॉक्टर म्हणतात ‘थांबू या’?

घरच्यांना पटायला ही सर्वांत अवघड गोष्ट. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले गेले : शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि फक्त नजर ठेवणे. १५ वर्षांनी, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेट कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण २.७ टक्के होते आणि गटागटांत त्यात फारसा फरक नव्हता. नजर ठेवलेल्या गटात कर्करोग शरीरात पसरण्याचे प्रमाण मात्र ९.४ टक्के, म्हणजे इतर दोन गटांच्या जवळपास दुप्पट होते. त्या गटातील सुमारे ६० टक्के जणांनी पुढे केव्हा ना केव्हा उपचार घेतले. उरलेल्यांना त्या उपचारांचे दुष्परिणाम सोसावे लागले नाहीत.

नजर ठेवणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. ठरावीक काळाने पीएसए, गरजेप्रमाणे एमआरआय आणि बायोप्सी करावी लागते. जो रुग्ण पुढच्या तपासणीला फिरकणारच नाही, त्याच्यासाठी हा मार्ग धोक्याचा आहे. आक्रमक कर्करोगात तर थांबण्याचा प्रश्नच येत नाही.

महाराष्ट्रात चित्र कसे आहे?

भारतात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक कर्करोग वेधशाळेचा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत प्रमाण कमी आहे, पण शहरांत ते ठळकपणे दिसते. कर्करोग नोंदणी केंद्रांच्या आकडेवारीवरील २०१४ च्या एका आढाव्यानुसार पुण्यातील पुरुषांमध्ये हा दुसऱ्या, तर मुंबईत तिसऱ्या क्रमांकाचा कर्करोग होता. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग येतात, प्रोस्टेट नाही. वर मांडलेला युरोपचा हिशेब पाहता सरसकट तपासणीचा आग्रह धरणे कठीण आहे. पण त्याचा परिणाम असा, की आपल्याकडे चाचणी होते ती एकतर पॅकेजमधून, कोणी न मागता. नाहीतर फार उशिरा, हाडे दुखू लागल्यावर.

सुरुवातीच्या टप्प्यात हा कर्करोग बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. पसरतो तेव्हा पहिल्यांदा कणा आणि कमरेची हाडे गाठतो. साठीनंतर नव्याने सुरू झालेली, रात्री झोपल्यावरही न थांबणारी कंबरदुखी ‘मणक्यात गॅप’ म्हणून महिनोन्‌महिने शेकली जाते. अशा दुखण्यात पीएसए बघण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे, सोबत वजन घटत असेल तर नक्कीच. लघवीतून रक्त गेले तर, एकदाच गेले तरी, तपासणी हवी. आणि पायांतली ताकद अचानक कमी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मज्जारज्जूवर दाब आला असेल तर काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व देऊ शकतो.

मूत्ररोगतज्ज्ञांकडे जाताना फाइलमध्ये जुने पीएसए रिपोर्ट तारखेनुसार लावून न्यावेत. पाच वर्षे साडेचारवर थांबलेला आकडा आणि दोन वर्षांत दीडवरून साडेचारवर गेलेला आकडा यांचा अर्थ पूर्णपणे वेगळा असतो, आणि शेवटच्या एकट्या पीडीएफमधून तो कोणालाच सांगता येत नाही.